कळ्यांवर आलेल्या शेवंतीची कुंडी बदलायची वेळ आली तर

शेवंती कळ्यांवर असताना तिची कुंडी शक्यतो बदलू नका. बदलणं अगदी भागच पडलं, तर ते कसं करायचं ते पुढे सांगते.

शेवंती लावायला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. ६ इंची कुंडीत एक जांभळं झाड होतं. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाइतक्या कळ्या त्याला धरल्या होत्या. कुंडी फार लहान वाटली म्हणून मी झाड उपटून काढलं, जुनी माती झाडून टाकली, मुळं बोटांनी मोकळी केली आणि १२ इंची कुंडीत लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाने मान टाकली. आठवडाभरात कळ्या देठाशी तपकिरी होऊन गळायला लागल्या. चाळीसच्या वर कळ्या होत्या, उमलल्या सात. त्यानंतर मी मुळांकडे नीट बघायला शिकले.

झाड पाणी पितं ते मुख्यतः मुळाच्या टोकाजवळच्या केसांसारख्या तंतूंनी. एकेक तंतू म्हणजे एकेक पेशी. माती झाडली की ते तंतू मातीबरोबरच तुटून जातात. पानांतून पाणी उडणं मात्र चालूच राहतं. एरवी नवी मुळं भराभर फुटतात आणि झाड सावरतं. कळ्या धरल्यावर झाडाचं सगळं बळ तिकडे गेलेलं असतं, त्यामुळे मुळं फुटायला वेळ लागतो. तोवर पाणी पुरत नाही आणि झाड कळ्या टाकून देतं.

मग कधी बदलायची? कुंडी फुटली असेल तर. मुळं सडत असतील तर, म्हणजे माती ओली असूनही झाड मलूल दिसतं आणि खालच्या भोकाशी नाक नेलं की कुबट वास येतो. आणि सकाळी भरपूर पाणी घालूनही रोज दुपारपर्यंत माती कोरडी ठक्क होत असेल तर. नुसती भोकातून मुळं डोकावतात म्हणून घाबरू नका. दाटीच्या कुंडीतही शेवंती चांगली फुलते.

तिसऱ्या कारणासाठी मी आधी एक मधला मार्ग करून बघते. वरची इंचभर माती हलक्या हाताने खरवडून काढायची आणि तिथे गांडूळखत पसरायचं. मग ती कुंडी आहे तशीच मोठ्या कुंडीत ठेवायची, खाली आणि भोवती माती भरायची. मुळं भोकातून खालच्या मातीत उतरतात आणि आतली कुंडी उन्हाने तापत नाही. बहर संपेपर्यंत बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

भागणार नसेल तर आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या. सकाळपर्यंत माती वाफशावर येते, म्हणजे ओलसर असते पण चिंब नसते. मुळांसकट निघणारा मातीचा गोळा कोरडा असेल तर हातात भुगा होतो, चिंब गोळा स्वतःच्याच वजनाने फाटतो. वाफशावरचा गोळा अख्खा निघतो, आणि या सगळ्या कामात गोळा अख्खा राहणं यालाच महत्त्व आहे.

नवी कुंडी जुनीपेक्षा २ इंचच रुंद घ्या. माझी १२ इंची कुंडी तिथेच चुकली होती. ज्या मातीत मुळं नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, ती ओलीच राहते आणि कडेची मुळं कुजतात. कुंडी मातीची आणि कोरी असेल तर तासभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती झाडाच्या वाट्याचं पाणी शोषून घेते. तळाशी खडे भरू नका. खड्यांनी निचरा सुधारत नाही, उलट पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे.

मिश्रण मी दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर जाड वाळू असं करते. पण जुनी माती कशी आहे ते आधी बघा. गोळा चिकण मातीचा आणि भोवती नुसतं कोकोपीट असं झालं, तर पाणी कडेने खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो.

आता साचा करा. जुन्या कुंडीच्याच मापाची रिकामी कुंडी घ्या. नव्या कुंडीत तळाला थोडी माती घालून ती रिकामी कुंडी मधोमध ठेवा, भोवतीच्या फटीत मिश्रण भरा, कुंडी आपटून ते बसवा आणि साचा फिरवत वर काढा. गोळा बसेल एवढाच खड्डा तयार होतो. हे सगळं झाड बाहेर काढण्याआधी करायचं, म्हणजे मुळं उघडी राहण्याचा वेळ मिनिटभराच्या वर जात नाही.

झाड काढणं हे दोघांचं काम आहे. फांद्या जुन्या सुती पट्टीने सैल बांधायच्या. खोड दोन बोटांच्या मध्ये घेऊन तळवा मातीवर टेकवायचा, कुंडी उलटी करायची आणि तिचा काठ टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायचा. आमच्याकडे गोळा सासूबाई धरतात, त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी कुंडी वर ओढते. खोडाला धरून झाड कधीही ओढू नका. अडकलंच तर आतल्या कडेने पातळ सुरी फिरवा. प्लास्टिकची कुंडी सरळ कापून टाका. एवढ्या कळ्यांपुढे कुंडीचं काय?

गोळा खड्ड्यात सोडा. खोड आधी जितकं मातीच्या वर होतं तितकंच आताही राहू द्या. फटी राहिल्या तर पातळ काडीने माती आत ढकला, अंगठ्याने दाबू नका. मग पाणी, सावकाश, खालून वाहीपर्यंत. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा.

मुळं सडलेली असतील तर मात्र गोळ्याला हात लावावाच लागतो. काळी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने काढा, पांढरी राहू द्या. जेवढी मुळं गेली त्या मानाने कळ्याही खुडा. मी लहान कळ्या आधी काढते आणि टपोऱ्या ठेवते. हात धजत नाही, पण न खुडलेल्या कळ्या झाडावरच वाळतात आणि उरलेल्यांनाही पोसू देत नाहीत.

पुढचे ४-५ दिवस झाड उजेड असलेल्या सावलीत ठेवा, वाऱ्यापासून दूर. मात्र रात्री दिवा लागतो अशी जागा निवडू नका. शेवंती रात्रीची लांबी मोजते, दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुलते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिला. शेवंतीची शेती करणारे तर बहर पुढे ढकलायला मुद्दाम मध्यरात्री दिवे लावतात. कळ्या कोवळ्या असतील तर तुमच्या व्हरांड्यातला दिवासुद्धा त्यांना थोपवू शकतो.

दोन आठवडे खत नाही. दुखावलेल्या मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत, आणि त्यात नत्र जास्त असेल तर झाड पानांवर जातं.

दुपारी पानं थोडी लोंबली आणि संध्याकाळी सावरली तर काळजी नको. सकाळीच मान खाली दिसली तर बोट मातीत खोल घालून बघा. ओल असेल तर पाणी देऊ नका, सावली वाढवा. आत कोरडं लागलं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा. खालची दोन-चार पानं पिवळी पडतात, ती पडू द्या. कळीच्या टोकाला रंगाची रेघ दिसली की झाड सकाळच्या उन्हात आणा.

बहर ओसरला की फांद्या ५-६ इंचांवर छाटा. खरी कुंडीबदल तेव्हा करायची. तेव्हा माती झाडा, मुळं मोकळी करा, बुडाशी फुटलेले धुमारे वेगळे करून लावा. झाड ते सगळं सोसतं.