फुकटची ऑनलाइन साधने वापरताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबाग परिसरात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देताना मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ई-आधारच्या बाबतीत होते. उतरवलेली पीडीएफ पासवर्ड मागू लागली की लोक ‘अनलॉक पीडीएफ’ असे शोधतात आणि पहिल्या दिसेल त्या अनोळखी संकेतस्थळावर आधार, तोही पासवर्डसह, चढवून मोकळे होतात. वास्तविक तो पासवर्ड म्हणजे आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष, इतकेच असते. मी फाइल संगणकावर क्रोममध्ये उघडतो, पासवर्ड देतो आणि प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडतो. बिनकुलपाची प्रत तयार होते आणि कागद घराबाहेर जात नाही. मात्र या प्रतीत डिजिटल स्वाक्षरी उरत नाही, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये. जिथे चालते तिथे तर मी केवळ शेवटचे चार आकडे दाखवणारे मास्क्ड आधारच देतो.

दुसरी चूक फोटोची. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. शेवटच्या तारखेला सायंकाळी तासगावहून आलेल्या एका मुलाने आपला फोटो एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर असा दाबत नेला होता की केबी बसले, पण नाक आणि गाल वेगळे ओळखू येईनात. जेपीजी दर वेळी नव्याने सेव्ह होताना तिचा दर्जा घसरतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि ऐकून घेण्याइतका त्याला धीरही नव्हता. बरे, स्टुडिओवाल्याने मूळ फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून धाडलेला, म्हणजे तोही आधीच दाबलेला. अखेर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवला आणि पेंटमध्ये चेहऱ्यापुरता कापून २०० बाय २३० पिक्सेल केला. मोबाइलच्या फोटोत ४००० बाय ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल असतात. ते ५० केबीत कोंबण्यापेक्षा ४६ हजार पिक्सेल ठेवले की दर्जा न मारता आकार आपोआप बसतो. एवढे होईपर्यंत सर्व्हर रडू लागला होता आणि अर्ज रात्री उशिरा गेला. शेवटच्या दिवशी येणाऱ्यांविषयी माझे मत सर्वांना ठाऊक आहे, ते येथे लिहीत नाही.

पानावरचे सर्वांत मोठे हिरवे ‘डाउनलोड’ बटण बहुधा जाहिरातीचे असते. कर्सर त्यावर नेऊन खाली दिसणारा पत्ता वाचावा. सरकारी कामासाठी शोधयंत्रातील ‘प्रायोजित’ दुवा न उघडता पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे का, हे पाहावे. कृतिदेव या जुन्या फाँटमधील मजकूर कुठेही वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासल्याशिवाय तो पुढे धाडू नये; माझ्याकडे आलेल्या एका लग्नपत्रिकेत नवरदेवाचे आडनावच बदललेले होते.