पायथॉन प्रोग्रॅममधला मेमरी लीक कसा पकडायचा आणि त्याची टेस्ट कशी लावायची

मालवणात बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात मी एक छोटा डबा बसवलाय. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, १ जीबी रॅम, आणि त्यावर पायथॉनचा प्रोग्रॅम. दर १० सेकंदांनी मिठाच्या पाण्याच्या टाकीचं टेंपरेचर वाचायचं आणि दर वेळी गेल्या तासाभराची रीडिंग्ज सर्व्हरला पाठवायची, एवढंच काम. जूनमध्ये बसवला, अख्खा पावसाळा एक तक्रार नाही. गणपती झाल्यावर कारखान्याच्या काकांनी इन्व्हर्टर घेतला आणि बाराव्या दिवशी सकाळी फोन, "अरे बाबू, तुझो डबो झोपलो." रीस्टार्ट केला, चालला. दोन आठवड्यांच्या आत परत तेच.

आता पावसाळाभर का चालला, तर लाईट रोज जायची. लाईट गेली की डबा बंद, आली की प्रोग्रॅम नव्याने सुरू, रॅम कोरी. लीक, म्हणजे काम झालेली मेमरी न सुटता साठत जाणं, पहिल्या दिवसापासून होताच, त्याला वाढायला वेळ मिळत नव्हता. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, प्रोग्रॅम सलग किती तास चाललाय हे लॉगमध्ये लिहायला लावा, नाहीतर "इतके महिने नीट चालला" या वाक्याला काही अर्थ नाही.

पायथॉनमध्ये मेमरी आपण हाताने सोडत नाही मग लीक कसा होतो, असं बरेच जण विचारतात. प्रत्येक ऑब्जेक्टला कितीजणांनी धरलंय याची मोजणी पायथॉन ठेवतो, ती शून्य झाली की ऑब्जेक्ट गेला. दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले तर मोजणी शून्य होत नाही, त्यासाठी जीसी म्हणजे गार्बेज कलेक्टर अधूनमधून फिरतो आणि अशी वर्तुळं उचलतो. पण तुमच्याच कोडने कुठेतरी धरून ठेवलंय ते कोणीच उचलणार नाही. ग्लोबल लिस्टमध्ये नुसतं अपेंड होत राहणं, डिक्शनरीचा कॅश (परत लागेल म्हणून ठेवलेला साठा) ज्याला मर्यादाच नाही, लिसनर म्हणजे इव्हेंट झाला की बोलवायचं फंक्शन जोडलं पण काढलं नाही, मॅक्ससाईझ नन (None, म्हणजे मर्यादा नाही) दिलेला एलआरयू कॅश, जो फंक्शनची उत्तरं साठवतो, नेहमीचे मानकरी हेच. एलआरयू कॅश क्लासच्या मेथडवर लावला तर तो सेल्फला म्हणजे त्या अख्ख्या ऑब्जेक्टलाही धरून ठेवतो, हे पटकन लक्षात येत नाही.

आधी लीक आहे का ते ठरवा, लगेच कोड उघडू नका. पीएसयूटिल लायब्ररीतून आपल्या प्रोसेसची मेमरी इन्फो घ्या, त्यात आरएसएस नावाचा आकडा असतो, प्रत्यक्षात किती रॅम वापरात आहे तो. एकच आकडा बघून काही कळत नाही. पायथॉन ५१२ बाइट्सपर्यंतच्या छोट्या ऑब्जेक्टसाठी मोठे तुकडे घेऊन ठेवतो आणि एक तुकडा पूर्ण मोकळा झाल्याशिवाय सिस्टमला परत देत नाही, त्यामुळे ऑब्जेक्ट गेले तरी आरएसएस खाली येईलच असं नाही. आणि रिसोर्स मॉड्यूलमधला मॅक्सआरएसएस यासाठी वापरू नका, तो आतापर्यंतचा सगळ्यात वरचा आकडा असतो, तो कधी उतरतच नाही.

मी तीन मापं घेतो. ज्या फंक्शनवर संशय आहे ते आधी १०० वेळा चालवायचं म्हणजे इम्पोर्ट, कनेक्शन, छोटे कॅश जे काय भरायचं ते भरून घेतं, मग जीसी कलेक्ट करून पहिलं माप. मग १००० वेळा चालवून, कलेक्ट करून दुसरं. परत १००० वेळा, तिसरं. पहिल्या हजारात वाढ झाली आणि दुसऱ्या हजारात जवळपास काहीच नाही तर तो कॅश भरत होता, सोडून द्या. दोन्ही हजारात सारखीच वाढ असेल तर लीक आहे. दोनच मापं घेतली तर हा फरक कळत नाही आणि माणूस नसलेल्या लीकच्या मागे दोन दिवस घालवतो.

मी हे सगळं केलं आणि घरी काहीच सापडेना. आकडा एकदम सपाट. मग लक्षात आलं की घरी नेट चालू आहे, कारखान्यात दिवसातले पाचेक तास नेट नसतं. वायर काढली, परत तीच मापं घेतली, आणि प्रत्येक फसलेल्या पाठवणीमागे साधारण ३० केबी वाढ. पाच तासांत १८०० प्रयत्न, म्हणजे दिवसाला ५४ एमबी, बारा दिवसांत साडेसहाशेच्या आसपास, १ जीबीच्या डब्याला तेवढं पुरतं. तेव्हा एररचा रस्ता मुद्दाम चालवून बघा, नेट तोडा, फाईल गायब करा, सर्व्हरला चुकीचं उत्तर द्यायला लावा, कारण लीक बऱ्याचदा तिथेच असतो आणि टेस्ट करताना आपण नेमके तिथे जात नाही.

आता ओळ शोधायची. त्यासाठी ट्रेसमॅलॉक, कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली ते दाखवणारं मॉड्यूल, पायथॉन ३.४ पासून म्हणजे २०१४ पासून सोबतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला स्टार्ट करा, कारण त्याच्या आधी घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. टेक स्नॅपशॉटने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, घ्या, फंक्शन हजार वेळा चालवा, दुसरा घ्या, आणि दुसऱ्यावर कम्पेअर टू लावून ओळीनुसार फरक छापा. वरच्या दहा ओळी बघितल्या तरी पुष्कळ. स्टार्टला २५ दिलं तर प्रत्येक ऑब्जेक्टमागचा २५ पायऱ्यांचा ट्रेस मिळतो, पण त्याने स्वतःचीच रॅम खूप लागते आणि प्रोग्रॅम हळू होतो, छोट्या मशीनवर आधी काहीच न देता चालवा.

इथे मी एक संध्याकाळ घालवली ती तुमची वाचावी म्हणून सांगतो. ट्रेसमॅलॉकने पॅकेट बनवायची ओळ दाखवली, ३६० रीडिंग्जची लिस्ट जिथे तयार होते ती. ती ओळ बरोबरच होती, मी उगाच तिच्याकडे बघत बसलो. ट्रेसमॅलॉक मेमरी कुठे घेतली ते सांगतो, कोणी धरून ठेवलीय ते सांगत नाही. धरणारा शोधायला जीसीमधलं गेट रेफरर्स, किंवा चित्र काढून हवं असेल तर ऑब्जग्राफ ही लायब्ररी. जुन्या पॅकेटवर गेट रेफरर्स लावलं तर फ्रेम आली, फ्रेमला धरून ट्रेसबॅक, ट्रेसबॅकला धरून एक्सेप्शन (चूक झाली की पायथॉन फेकतो तो ऑब्जेक्ट), आणि एक्सेप्शन माझ्या "चुका" नावाच्या लिस्टमध्ये. नेट गेल्यावर काय चूक आली ते नंतर बघता यावं म्हणून मीच ती लिस्ट ठेवली होती. मला वाटत होतं त्यात चार शब्दांचा मेसेज जातोय, पण एक्सेप्शनसोबत ट्रेसबॅक असतो, ट्रेसबॅकसोबत फंक्शनची फ्रेम, आणि फ्रेममध्ये त्या वेळचे सगळे लोकल व्हेरिएबल, म्हणजे अख्खं पॅकेट.

उपाय दोन ओळींचा. एक्सेप्शन न ठेवता त्याचा मजकूर आणि वेळ ठेवायची, आणि साध्या लिस्टऐवजी डेक (deque), मॅक्सलेन म्हणजे जास्तीत जास्त लांबी २०० देऊन, म्हणजे नवीन आलं की जुनं आपोआप बाहेर. रोज रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, रीस्टार्ट करायचा सल्लाही मला मिळाला होता. तात्पुरतं करा हवं तर, पण ते होडीतलं पाणी उपसत बसण्यासारखं आहे, भोक तसंच राहतं.

टेस्ट लावताना मेगाबाइटच्या मर्यादेवर टेस्ट लिहू नका, एका मशीनवर पास होईल आणि दुसऱ्यावर उगाच फेल. वीकरेफ वापरा, तो ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो पण त्याला धरून ठेवत नाही. ऑब्जेक्ट बनवा, त्याचा वीकरेफ घ्या, काम चालवा, आपला रेफरन्स डिलीट करा, जीसी कलेक्ट करा, आणि वीकरेफ नन देतोय का ते तपासा. अजून जिवंत असेल तर कोणीतरी धरलंय, टेस्ट फेल. फक्त साध्या लिस्ट-डिक्शनरीवर वीकरेफ चालत नाही, म्हणून मी पॅकेटचा छोटा क्लास केला. टेस्टमध्ये पाठवणारं फंक्शन मुद्दाम एक्सेप्शन फेकतं, नाहीतर या टेस्टचा उपयोगच नाही.

आरएसएस वाढतोय पण ट्रेसमॅलॉक सपाट दाखवतोय, असं झालं तर गळती बहुधा सीमध्ये लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीत आहे, ट्रेसमॅलॉकला तिथलं सहसा दिसत नाही. लायब्ररीचं व्हर्जन बदलून तीच तीन मापं घ्या, नाहीतर व्हॅलग्रिंड, सी कोडमधली गळती शोधणारं टूल.

बाकी भाषांचं थोडक्यात. पर्लमध्ये फक्त मोजणी आहे, वर्तुळ उचलणारा कोणी नाही, तिथे दुवा कमजोर करणारं वीकन हातानेच लावायचं. पीएचपीत २००९ च्या ५.३ पासून वर्तुळं उचलली जातात, आणि वेब रिक्वेस्ट संपली की मेमरी सुटतेच, त्रास होतो तो दिवसेंदिवस चालणाऱ्या वर्करमध्ये. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, एकाच इव्हेंटला १० पेक्षा जास्त लिसनर जोडले की वॉर्निंग येते, ती बंद करू नका, ती बऱ्याचदा खरी असते.

टेस्ट पास झाली तरी डबा परत न्यायच्या आधी मी तो एक रात्र घरी नेट काढून चालवला, १० सेकंदांऐवजी सेकंदाला १० वेळा. आठ तासांत २,८८,००० प्रयत्न, म्हणजे कारखान्यातले ३३ दिवस सलग नेट नसल्यासारखं. रात्री ११ ला आरएसएस ४१ एमबी होता, सकाळी ७ ला चहा घेता घेता बघितला, ४१.