पडद्यावरची खेड्यातली शाळा: लेखक आणि कलादिग्दर्शकांनो, या चुका टाळा

गोरेगावला चित्रनगरीत खेड्यातल्या शाळेचा सेट लागायचा असला की आमच्याकडे आधी बाक मागवतात. मग फळा, मग भारताचा नकाशा, मग सावित्रीबाईंची तसबीर. शेवटी पहाटे बस भरून तीस मुलं येतात, सगळी साधारण एकाच उंचीची. मी कलाविभागात बरीच वर्षं काम करते, आणि चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकले आहे. म्हणून सांगते, सेट कितीही देखणा असू दे, पहिली चूक त्या बसमधूनच उतरलेली असते. ती मुलं एका इयत्तेची दिसतात. लहान गावच्या शाळेत एका इयत्तेची तीस मुलं असतच नाहीत.

एक मास्तर, एक वर्ग, एक फळा

पहिली ते चौथी मिळून पट पंचवीस-तीस, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेले आहेत. म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी आणि शेजारी तिसरी-चौथी. एका इयत्तेला लेखी काम द्यायचं, दुसरीला तोंडी घ्यायचं, यावर सगळा दिवस चालतो. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ असते. डावीकडे हातच्याची वजाबाकी, उजवीकडे ‘कमळ, गवत, बदक’. मुलं सरळ रांगेत नसतात, बसकरपट्ट्यांवर दोन तोंडांना बसलेली असतात. दुसरे शिक्षक तालुक्याला बैठकीला गेले की पहिले दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर उभे राहतात आणि चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी पहिलीला बाराखडी म्हणून घेते.

तो उंबरा माझ्या मते या शाळेतली सर्वांत मोलाची जागा आहे. कॅमेरा तिथे लावलेला मी क्वचितच पाहिला.

लेखकांची अडचण इथेच होते. पटकथेत गुरुजी मुलांना स्वप्नांबद्दल तीन मिनिटं सलग सांगतात आणि मुलं डोळे मोठे करून ऐकतात. खऱ्या शाळेत त्या तीन मिनिटांत दुसरी इयत्ता ओसरीवर पोचलेली असेल. असा प्रसंग खोटा वाटत असेल तर संवाद काढू नका, तोडा. गुरुजींनी अर्धं वाक्य बोलावं, मागे वळून ‘झालं का रे लिहून?’ विचारावं, एकीची पाटी पाहावी आणि मग उरलेलं वाक्य पुरं करावं. तेच शब्द एकदम खरे वाटायला लागतात. हे कसं घडतं ते पाहायचं असेल तर निकोला फिलिबेर यांचा २००२ चा फ्रेंच माहितीपट ‘एत्र ए आव्वार’ पाहा. डोंगराळ भागातली एकशिक्षकी शाळा, चिमुरड्यांपासून दहा-अकरा वर्षांपर्यंतची मुलं एकाच छपराखाली. त्या शिक्षकाचं लक्ष किती ठिकाणी वाटलेलं असतं, तेवढंच बघा.

काळाच्या चुका

कथा १९५५ ची आणि शाळेवर पाटी ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’. ही चूक मी स्वतः रंगवलेल्या पाटीवर झालेली आहे, आणि ती कुणालाही दिसली नाही याचंच जास्त वाईट वाटलं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधी ती लोकल बोर्डाची शाळा. गावाच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’, आणि तपासणीला यायचे ते ‘डिपोटी’, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. आजच्यासारखे आसपासच्या शाळा पाहणारे केंद्रप्रमुख त्या काळात शोधूनही सापडणार नाहीत.

‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली आणि १९६५ पासून देशभर शाळांमध्ये म्हटली जाऊ लागली. त्याआधीच्या कथेत परिपाठाला ती घेऊ नका. राज्यगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासूनचं आहे. बालभारतीची स्थापना १९६७ ची, त्यामुळे साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या दप्तरात तिचं पुस्तक नको. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यापूर्वीच्या मुलाला गणितात आणे-पै द्या, आणि पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे. पोषण आहाराची योजना १९९५ ची आहे, पण सुरुवातीला मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा, शिजवलेली खिचडी पुढे आली. म्हणून १९९० च्या शाळेमागे चुलीचा धूर आणि ताटल्यांची रांग दाखवली तर पस्तिशीच्या पुढचा प्रेक्षक लगेच थबकतो.

आजची कथा असेल तर उलटं तपासा. आता फलकावर अकरा आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. तो लिहा, पण कुठल्या खऱ्या शाळेचा उचलू नका.

कायद्याने मोडणारी कथानकं

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानंतरच्या कथेत चौथीतला मुलगा नापास होऊन त्याच वर्गात बसत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला तरी नाही. छडीला बंदी आहे. हे सगळं प्रत्यक्षात कुठे घडतच नाही, असं मी म्हणत नाही. पण घडलं तर ते बेकायदा आहे हे कथेतल्या निदान एका माणसाला ठाऊक असायला हवं. गावात असा माणूस हमखास असतो. शिक्षकांना तर ते माहीत असतंच.

गरिबी रंगवणं

ही गोष्ट मनातून जात नाही. एका चित्रपटासाठी आम्ही पुणे जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका शाळेत गेलो होतो. गावाने लोकवर्गणी काढून शाळा रंगवली होती. भिंतीवर अक्षरं, अंक, तालुक्याचा नकाशा, पायऱ्यांवर एक ते दहा. व्हरांड्यात मुलांनी बनवलेले तक्ते. युनिटला ती शाळा ‘पुरेशी गरीब’ वाटली नाही. म्हणून आम्ही भिंतीवर चहापत्तीचं पाणी आणि माती फिरवली, नकाशावर पांढरा हात मारला. गुरुजी बाजूला उभे होते. म्हणाले, “परत रंगवून द्याल ना, ताई?” आम्ही दिलं रंगवून, एकसारखं फिकट पिवळं. अक्षरं गावातल्याच एका कॉलेजच्या पोराने काढली होती. ती परत आली नाहीत.

तेव्हापासून मी एजिंगला, म्हणजे सेट जुना-मळका दिसेल असा रंगवायला, हात घालण्याआधी विचारते, ही शाळा नेमकी कशात कमी पडते? वर्गखोलीत? शिक्षकांत? पावसाळ्यात ओढा ओलांडण्यात? उणीव जिथे आहे तिथेच दाखवा. झांग यिमू यांच्या १९९९ च्या ‘नॉट वन लेस’ या चिनी चित्रपटात कोवळ्या वयाच्या बदली शिक्षिकेला मोजून खडू दिलेले असतात. त्या मोजलेल्या खडूंमधून शाळेची तंगी कळते, त्यासाठी भिंत मळवावी लागत नाही. आपल्याकडची एकेक वस्तू अशीच बोलते. तारेने बांधलेली पाटीची चौकट, थोरल्या भावाचा गुडघ्याखाली येणारा गणवेश, टोल म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. गणवेश मात्र एकाच दिवशी एकाच ताग्यातून शिवू नका. निळ्याच्या चार-पाच छटा दिसल्या पाहिजेत.

जागा

चित्रनगरीशेजारच्या आरेची हिरवळ म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. कोकणातल्या शाळेला जांभा दगड आणि कौलं. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना माळवद. माण किंवा जतकडच्या दुष्काळी भागातली कथा असेल तर अंगणात कडुलिंब हवा, मागे फणस दिसला की संपलं. बोलीचंही तसंच. मुलं वाचताना पुस्तकी बोलतात, भांडताना गावची. गुरुजी फळ्यापाशी प्रमाण भाषेत आणि पालकांशी त्यांच्या बोलीत. दोन्हीकडे एकच बोली लावली की माणूस लाकडी होतो.

खरी शाळा घेणार असाल तर सरपंचांच्या होकारावर थांबू नका, शाळा जिल्हा परिषदेची असते. परवानगी तिच्या शिक्षण विभागाकडे मागा आणि चित्रीकरण दिवाळीच्या सुट्टीत बसवा. मुलं त्याच गावची घेतलीत तर उत्तमच, पण बालकलाकारांचे नियम तिथेही लागू होतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. गाव लांब आहे म्हणून यातलं काहीही सोडू नका.

चित्रीकरण झालंय, आता काय?

अंधेरीच्या एडिटिंग रूममध्ये बसल्यावर वर्ग पोकळ वाटायला लागतो, असा अनुभव सर्रास येतो. बहुतेक वेळा दोष चित्राचा नसून आवाजाचा असतो. ध्वनिमुद्रणात संवाद स्वच्छ ठेवण्यासाठी मुलांना गप्प बसवलेलं असतं, आणि दोन इयत्तांच्या खोलीत एवढी शांतता कधीच नसते. शेजारच्या खोलीतले पाढे घाला, आपल्या वर्गाच्या लयीपेक्षा थोडे मागेपुढे. पत्र्यावरचा पाऊस, ओसरीवर कुणीतरी नाक ओढतंय, खिचडीच्या पातेल्याचं झाकण. हे आवाज स्टुडिओत मुंबईच्या मुलांकडून म्हणवून घेऊ नका, त्यांचे पाढे फार नीटनेटके येतात. कर्जत किंवा मुरबाडकडच्या एखाद्या शाळेत गुरुजींना विचारून सकाळी जा आणि परिपाठ संपल्यावर वीस मिनिटं रेकॉर्डर उंबऱ्यावर ठेवून बाजूला व्हा.