अपघात-आघात पथकासाठी माणसं निवडताना स्वभाव-चाचणी कशी वापरावी

साठ अर्ज आले आणि जागा बाराच, तेव्हा व्यक्तिमत्त्वाची चाचणी ही सोयीची चाळणी वाटते. पन्नास वाक्यं, पंधरा मिनिटं आणि आकडा हातात. मात्र या आकड्यावर कुणाला नापास करू नका. मुलाखतीत कुणाला काय खोदून विचारायचं आणि निवडल्यावर कुणाला कुठे आधार द्यायचा, एवढंच त्यातून ठरवा.

सुरुवात कामापासून करा. इथे पथक म्हणजे १०८ च्या रुग्णवाहिकेतली माणसं नव्हेत, त्यांच्यामागून कुटुंबासोबत उभे राहणारे स्वयंसेवक. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीबाहेर रात्रभर नातेवाइकांपाशी थांबणं, शवागारात ओळख पटवायला आलेल्या भावाला धरून नेणं, किनाऱ्यावर बुडालेल्या पर्यटकाच्या परराज्यातल्या घरच्यांशी बोलणं. अशी आठ-दहा कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे 'यात माणूस कुठे घसरतो?' याचं उत्तर टाका. ही यादी नसेल तर चाचणीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

चाचणी निवडताना पाच घटकांची चौकट धरा: कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि नव्याविषयीचा मोकळेपणा. माणसांना सोळा प्रकारांत बसवणारी मायर्स-ब्रिग्ज लोकप्रिय आहे, पण भरतीसाठी ती वापरू नये असं तिचे प्रकाशकच सांगतात. लुईस गोल्डबर्ग यांनी उभा केलेला आयपिप हा वाक्यसंच मोफत आहे आणि त्यासाठी परवानगीही लागत नाही. त्यातली पन्नास वाक्यांची आवृत्ती पुरते.

खरा घोळ भाषांतरात होतो. त्या प्रश्नावलीतलं पहिलंच वाक्य 'मी पार्टीची जान असतो' अशा अर्थाचं आहे. गोव्यात 'पार्टी' म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे बाटली येते. मग न पिणारा एक गुण देतो, पिणारा लाजून दोन, आणि बहिर्मुखता मोजायची राहून जाते. त्याऐवजी 'चार माणसांत मी गप्पांना रंग आणतो/आणते' असं लिहा. मराठी आणि कोकणी अशा दोन्ही प्रती काढा. मूळ न पाहिलेल्या माणसाकडून त्या परत इंग्रजीत करवून घ्या, मग दहाजणांना वाचायला देऊन कुठे अडखळतात ते बघा.

प्रत्येक वाक्याला गुण १ ते ५. उलट्या वाक्यांचे (ज्यांत 'हो' म्हटलं की तो गुण कमी असल्याचं दिसतं) गुण ६ मधून वजा करायचे. हे विसरलात तर शांत माणूस घाबरट दिसतो. प्रत्येक घटकाची दहा वाक्यं, म्हणजे एकूण १० ते ५०. आता मोजणी किती चुकू शकते ते बघा. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर गुण कितपत तसेच येतात) ०.८० आणि गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीपासून गुण किती पसरतात) ७ धरलं, तर मोजणीतली चूक साधारण ३ गुणांची येते. ९५ टक्के खात्री हवी तर दोन्ही बाजूंना ६ सोडा. म्हणून २९ आणि ३३ मध्ये फरक करणं हा निव्वळ खेळ आहे. परदेशातले सरासरी आकडेही इथे लावू नका. स्वतःच्या अर्जदारांचे शंभरेक कागद जमेपर्यंत 'जास्त-मध्यम-कमी' एवढंच म्हणा.

सगळ्यात जास्त चुका भावनिक स्थैर्याबाबत होतात. कमी गुण दिसले की नाव कापण्याचा मोह होतो. हळव्या स्वभावाच्या माणसाला आघातानंतर त्रास होण्याची शक्यता जास्त असते, हे खरं. पण नंतर मिळणारा आधार त्याहून महत्त्वाचा ठरतो, आणि तो देणं पथकाच्या हातात असतं. उलट ४८-५० गुण घेऊन येणाऱ्याकडे जास्त बारकाईने बघा. नोकरीसाठी भरताना लोक स्वतःला चांगलं रंगवतात, आणि ज्याला कशानेच काही होत नाही तो बहुधा दुसऱ्याचंही ऐकत नाही. सौजन्य फार असेल तर 'नाही' म्हणता येत नाही: सलग तिसरी रात्र, चतुर्थीच्या दिवसांतली बदली ड्यूटी, सगळं तोच उचलतो आणि डिसेंबरपर्यंत सोडून जातो. बहिर्मुख माणूस शांतता भरून काढायला बोलत सुटतो. 'बचावकार्याचा एक खास स्वभाव असतो' ही कल्पना ऐकायला छान आहे, पण तिला पुराव्याचा फारसा टेकू नाही.

कामगिरीचा अंदाज देण्यात कर्तव्यदक्षता या पाचांत पुढे. तरी निवडपद्धतींच्या १९९८ च्या आढाव्यात तिचा कामगिरीशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.३१ होता आणि २०२२ च्या फेरआढाव्यात तो ०.१९ वर आला. ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा त्याच आढाव्यात ०.४२. म्हणून चाचणीला गुण शून्य, मुलाखतीला ५० आणि प्रात्यक्षिकाला ५० द्या.

मुलाखतीची रीत अशी. चाचणी तिसऱ्याच माणसाने तपासायची. मुलाखत घेणाऱ्या दोघांना आकडा दाखवायचा नाही, फक्त प्रत्येक उमेदवारासाठी दोन जादा प्रश्नांची चिठ्ठी द्यायची. सहा प्रश्न सगळ्यांना सारखे, त्याच क्रमाने. दोघांनी वेगवेगळे गुण लिहायचे, मगच तोंड उघडायचं.

इथल्यासाठी एक प्रश्न हमखास ठेवा: 'बोरीच्या रस्त्यावर पोचलात आणि जखमी तुमच्याच वाड्यावरचा निघाला. काय कराल?' गोवा लहान आहे, ही वेळ येतेच. 'मी सांभाळीन, मला काही होत नाही' याला १ गुण. 'जोडीदाराला सांगेन, पण घरच्यांना मीच कळवीन' याला ३. जोडीदाराला लगेच सांगून काम त्याच्याकडे देणारा, आपण बाजूला राहून पाणी-फोन बघणारा आणि नंतर पथकात हे बोलून दाखवणारा, त्याला ५.

प्रात्यक्षिक बारा मिनिटांचं. एकीने आईची भूमिका करायची, मुलगा ऑपरेशन थिएटरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतली तीन पावलं, बघा, ऐका, जोडून द्या, हीच मोजपट्टी. उमेदवार बसतो की उभा राहून बोलतो? 'काही होणार नाही' असं वचन देतो का? दिलं तर तिथेच दोन गुण कमी. सातव्या मिनिटाला आई एकदम गप्प होईल असं आधी ठरवून ठेवा. पुढच्या तीस सेकंदांत माणूस कळतो. बोली तिच्या सोयीची हवी. वास्कोत कन्नड, हिंदी लागते, पेडण्यात कोकणी-मराठी.

पूर्वीचा मानसिक आजार, घरातली आत्महत्या, औषधं हे विचारायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे, आणि त्यावरून डावलणं अंगाशी येईल. निवडीनंतर कुणी स्वतःहून सांगितलं तर ड्यूटी लावताना सोय करा. आकड्यांचा अर्थ प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच लावावा; उत्साही कार्यकर्त्याच्या हातात तो 'ही बाई भित्री' असा शेरा होतो आणि तालुकाभर फिरतो.

निवडलेल्यांना पहिले तीन महिने एकटं पाठवू नका. सहा महिन्यांनी चाचणीचे गुण आणि प्रत्यक्ष काम शेजारी ठेवून बघा, मेळ नसेल तर चिठ्ठीतले प्रश्न बदला. न निवडलेल्यांच्या उत्तरपत्रिका कपाटात ठेवू नका. निकाल लागल्यावर ठरलेल्या तारखेला फाडून टाका, आणि ती तारीख अर्जावरच छापा.