लोड येताच दबणारं इंजिन: लिस्टर टाइपचा गव्हर्नर कसा तपासावा

चरकात जाड ऊस गेला की इंजिन गपकन दबतं, सात-आठ सेकंद कण्हतं, मग उठतं. ऊस सरला की भणाणत सुटतं. राजकोटची ६ एचपी, ६५० आरपीएमची लिस्टर टाइप स्लो स्पीड इंजिनं जुनी झाली की हे हमखास होतं. बहुतेक जण आधी गव्हर्नरच्या (लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा नट फिरवतात. तो शेवटी फिरवायचा. आधी फिरवलात तर मूळ सेटिंग हरवतं आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

चालत्या इंजिनावर लोड द्या आणि फ्युएल पंपाच्या रॅककडे, म्हणजे सरकून डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीकडे बघा. रॅक लगेच सरकला, तरी इंजिन उठत नाही? मग गव्हर्नर निर्दोष आहे. धूर नसेल तर डिझेल कमी पडतंय: फिल्टर चोंदलाय किंवा लाइनमध्ये हवा आहे. काळा धूर असेल तर नोझल, एअर क्लीनर, कॉम्प्रेशन बघा. इंजिनाचा आवाज तोच राहून फक्त चरक मंदावत असेल तर पट्टा घसरतोय.

रॅकच उशिरा हलत असेल तर इंजिन बंद करा, गव्हर्नरला रॅक जोडणाऱ्या लिंकची पिन काढा आणि रॅक एका बोटाने सरकवा. तो लोण्यासारखा सरकला पाहिजे. पावसाळाभर बंद पडलेल्या इंजिनात डिझेल सुकून चिकट थर धरतं. स्वच्छ डिझेल सोडत रॅक मागेपुढे करा, पॉलिश पेपर लावू नका. तरीही अडकत असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर कुणी जोर लावून आवळलाय का बघा, कारण त्याने पंपाचं बॅरल दबून आतला प्लंजर (डिझेल ढकलणारा दट्ट्या) धरतो. तेही नसेल तर पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या.

लिंक सुटलेली असताना इंजिन कधीही चालू करू नका. रॅक फुलवर राहिला तर वेग आवरत नाही आणि फ्लायव्हील फुटू शकतं. तशी वेळ आलीच तर एअर इनटेकवर फळी दाबा, हात नव्हे.

आता लिंकचे सांधे. पिनांच्या जागी खिळा किंवा सायकलचा आरा घातलेला अनेकदा सापडतो. रॅकचा सगळा प्रवासच थोड्या मिलिमीटरचा. त्यात तीन सांध्यांचा अर्धा-अर्धा मिलिमीटर खेळ मिळाला की गव्हर्नरची फिरती वजनं हलूनही रॅकला पत्ता लागत नाही. भोक अंडाकृती झालं असेल तर रीम करून जाड पिन घाला.

एवढ्यावर जमलं नाही तर गव्हर्नरची केस उघडा. ऑइलचा गाळ काढा, वजनांच्या पिना आणि वजनांनी सरकणारी स्लीव्ह मोकळी आहे का पाहा. वजनं बदलायची तर जोडीनेच.

स्प्रिंग ताणून वेढे उघडे पडले असतील तर मूळ मापाचीच आणा. जास्त कडक स्प्रिंगने लोडवर वेग फार पडतो, फार नरम स्प्रिंगने इंजिन झुलत राहतं. थोडा वेग तर चांगल्या गव्हर्नरवरही पडतोच, त्यामागे लागू नका.

आता शेवटी स्प्रिंगचा नट: इंजिन गरम झाल्यावर तो फिरवून लोडवर वेग लावा. टॅकोमीटर नसेल तर सायलेन्सरचा १० सेकंदांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू लावा आणि ठोके मोजा. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे ६५० आरपीएमला ५४ ठोके. नंतर चेकनट आवळून त्यावर रंगाची रेघ मारा.