सेवक-नेतृत्व: अधिकार न सोडता पाय कसे धुवायचे

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली (अध्याय 13) पाय धुण्याची घटना बहुतेकांना ठाऊक असते, तिचा क्रम मात्र सहसा कुणी नीट पाहत नाही. येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. नंतर वस्त्रे पुन्हा घालून आपल्या जागी बसतो आणि सांगतो, की तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते ठीकच आहे. सेवा केली, पण गुरुपद सोडले नाही. सेवक-नेतृत्व म्हणजे हेच: अधिकार हातात ठेवायचा आणि समोरच्यासाठी वापरायचा. एवढे पक्के धरले की पुढची बरीच गल्लत टळते.

कामावर सुरुवात ऐकण्यापासून करा. हाताखालच्या प्रत्येकाला आठवड्यातून 30 मिनिटे एकट्याने भेटा. माणसे सात-आठहून जास्त असतील तर पंधरवड्यातून एकदा. "कसं चाललंय?" विचाराल तर "ठीक आहे" एवढेच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात कुठे अडलं? आणि त्यातलं माझ्यामुळे काय अडलं?" मग गप्प बसा. पाच-दहा सेकंदांची शांतता जड वाटते, पण खरे उत्तर बहुधा तिच्यानंतरच येते. स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलेत की भेट संपली असे समजा. जे कळले त्यातला एक अडथळा दोन दिवसांत दूर करा: रखडलेली सही, दुसऱ्या विभागाने न दिलेले उत्तर, दोन कामांत आधी कोणते याचा निर्णय. तुमच्या पदाशिवाय न सुटणाऱ्या या गोष्टी म्हणजेच धुवायचे पाय. सगळ्यांसाठी चहा करणे चांगलेच, पण ते सोपे आहे आणि लोकांना दिसतेही.

उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची: सगळ्यांचे काम स्वतःच ओढणे. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (अध्याय 18) इस्राएली लोकांचा नेता मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसतो, तेव्हा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो, की हे बरे नाही, तूही थकशील आणि लोकही. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नायक नेमले जातात. काम सोपवताना तीन गोष्टी बोलून घ्या: कुठवरचा निर्णय त्याने स्वतः घ्यायचा, कशासाठी विचारायचे आणि आढावा कधी होणार. पहिल्या चुकीला काम परत घेतलेत तर पुढच्या वेळी कुणी पुढे येत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (अध्याय 6) येशूचे बारा प्रेषित विधवांच्या अन्नवाटपाचे काम स्वतः न करता सात जणांकडे देतात, आणि त्या सात जणांची निवडही मंडळीवर, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायावर सोपवतात. नकार हाही सेवेचाच भाग असू शकतो.

चूक दाखवायची वेळ आली की मत्तयाच्या शुभवर्तमानातला (18:15 पासूनचा) क्रम वापरा. तो मंडळीतल्या भावाविषयी असला तरी कार्यालयातही चालतो. आधी एकांतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, एकच प्रसंग, त्याचा झालेला परिणाम, त्याचे म्हणणे आणि पुन्हा पाहण्याची तारीख. सुधारणा नसेल तर आणखी एकाला सोबत घ्या, आणि त्यानंतरच औपचारिक कारवाई. "मी सेवक आहे, कठोर कसा होऊ?" म्हणून हे टाळणे म्हणजे त्याच्या वाटचे काम मुकाट्याने उपसणाऱ्यांवर अन्याय.

सवलतींच्या बाबतीत बायबलमधल्या नहेम्या या यहूदाच्या अधिपतीचे उदाहरण घ्या. लोकांवर आधीच भार होता, म्हणून अधिपतीच्या वाट्याचे अन्न त्याने 12 वर्षे घेतले नाही. सुट्ट्यांचे वेळापत्रक भरताना स्वतःचे नाव शेवटी लिहिणे, ही त्याची छोटी आवृत्ती. आणखी एक: हाताखालच्यांना प्रार्थनेला या असा आग्रह धरू नका. ज्याची बढती तुमच्या हातात आहे, त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही.

घरी हे अधिक अवघड, कारण तिथे पदाचा दरारा चालत नाही. "मी घरात मदत करतो" या वाक्यातच काम दुसऱ्याचे असल्याची कबुली असते. एक काम पूर्ण आपले करा: काय संपले हे पाहण्यापासून ते आवरून ठेवण्यापर्यंत. चार आठवडे करा आणि त्याचा उल्लेखही करू नका. मुलांची माफी मागताना वाक्य इथेच संपवा: "काल सगळ्यांसमोर तुझं बोलणं मी तोडलं. माझं चुकलं." पुढे "पण" आला की माफीचा खुलासा होतो.

आपण किती केले याची मनात मोजणी सुरू झाली, की थकवा आला असे समजून थांबा. मार्क 6:31मध्ये येशूही शिष्यांना एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगतो. आणि दुसऱ्याने केलेली सेवा घ्यायला शिका. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याला नेमके तेच जड गेले होते.

अमेरिकी लेखक रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970मध्ये सेवक-नेतृत्वाची कल्पना व्यवस्थापनात मांडली, तेव्हा त्यांची मुख्य कसोटी हीच होती, की ज्यांची सेवा होते ती माणसे वाढतात का, अधिक स्वतंत्र होतात का. हे तपासायचे तर दर तीन महिन्यांनी एक कागद घ्या आणि लिहा: मी दोन आठवडे नसलो तर कोणकोणते निर्णय अडतील? त्यातला सर्वांत वरचा निर्णय पुढच्या भेटीत कुणाच्या तरी हाती सोपवा.