पाइप हलणारच: स्ट्रेस ॲनालिसिस करताना या चुका टाळा

पाइपिंग स्ट्रेसच्या, म्हणजे पाइपांवर येणारे ताण तपासण्याच्या, कामात नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअर शिकतात. मॉडेल होतं, रन होतं, सगळ्या लोड केस (वजन, दाब, तापमानाच्या वेगवेगळ्या अवस्था) पास दिसतात आणि आयसो, म्हणजे लाइनचं ड्रॉइंग, पुढे जातो. मग प्लँट सुरू होताना साइटवरून फोटो येऊ लागतात: शू (पाइपखालची बैठक) बीमवरून उतरलाय, पंपाचं अलाइनमेंट टिकत नाही, फ्लँज गळतोय. या फोटोंमागच्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत. त्यातल्या दोन-तीन इतक्या खोल रुजल्यात की त्यांच्यावर सविस्तरच लिहायला हवं.

"स्ट्रेस जास्त येतोय? एक गाइड वाढवा"

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावर, स्ट्रेस जास्त आला की नवखा माणूस तिथेच गाइड (पाइपला बाजूला सरकू न देणारा सपोर्ट) ठोकतो. त्याच्या मनात पाइप म्हणजे बीम, आणि जास्त आधार म्हणजे जास्त मजबुती. वजनापुरतं हे बरोबर आहे, पण पाइपवर दोन वेगळ्या जातीचे ताण असतात. पहिला वजनाचा आणि आतल्या दाबाचा, म्हणजे सस्टेन्ड. पाइप थोडा वाकला म्हणून हा भार कमी होत नाही. दुसरा एक्स्पान्शनचा. पाइप गरम होऊन लांब होऊ पाहतो, आपण त्याला अडवतो, म्हणून हा ताण तयार होतो. पहिल्याला आधार लागतो, दुसऱ्याला मोकळीक. दोन्हींवर एकच औषध देणारा माणूस एक आजार बरा करताना दुसरा वाढवतो.

एक साधी लाइन घ्या: ६ इंची, शेड्यूल ४०, कार्बन स्टील, २०० अंश सेल्सिअसची हॉट ऑइल लाइन. २० पासून २०० अंशांपर्यंत जाताना कार्बन स्टील मीटरला साधारण २.२ मिलिमीटर वाढतं. सरळ पाइपची दोन्ही टोकं अँकर करून, म्हणजे जखडून टाकून, ही वाढ पूर्ण अडवली, तर हिशेबाने ४३० मेगापास्कलचा ताण येतो. ए-१०६ ग्रेड बी या कार्बन स्टील पाइपचं यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, २४० आहे. या पाइपच्या धातूचं क्षेत्रफळ सुमारे ३६०० चौरस मिलिमीटर, म्हणजे यील्डपर्यंत पोचतानाच अँकरवर ८५ टनांच्या वर जोर पडतो. इतका जोर झेलणारा अँकर पाइप रॅकवर कोणी देत नाही. आणि लक्षात ठेवा, सरळ अडकवलेल्या पाइपची लांबी १० मीटर असो की १००, हा ताण तोच राहतो. "लाइन छोटी आहे, काही होत नाही" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

आता त्याच लाइनला एक काटकोनी वळण द्या. १० मीटरचा पाय २२ मिलिमीटर वाढेल आणि आडव्या पायाला तेवढं ढकलेल. आडव्या पायाला हे सोसायला किती मोकळी लांबी हवी, ते काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. गाइडेड कँटिलिव्हरचं सूत्र पुरतं: तीन गुणिले इलॅस्टिक मोड्युलस, गुणिले पाइपचा बाहेरचा व्यास, गुणिले वाढ, भागिले मान्य ताण, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. इथे २ लाख मेगापास्कल, १६८.३ मिलिमीटर, २२ मिलिमीटर आणि बी-३१.३ या प्रोसेस पाइपिंगच्या कोडप्रमाणे २०७ मेगापास्कल घेतले तर उत्तर येतं ३.३ मीटर. हे सूत्र एल्बोचा स्ट्रेस इंटेन्सिफिकेशन फॅक्टर (तिथे ताण किती पटीने वाढतो तो आकडा) धरत नाही, म्हणून मी २०७ ऐवजी १३८ धरतो. मग लांबी होते ४ मीटर. पहिला गाइड त्याच्या अलीकडे नको.

प्रत्यक्षात काय होतं? स्ट्रक्चरचा बीम एल्बोपासून १ मीटरवर असतो, तिथे शू बसतोच आहे, मग गाइडही तिथेच लावला जातो. ताण लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो. ३.३ चा १ मीटर केला की तो जवळपास ११ पट होतो, कागदावर २२०० मेगापास्कल. एवढा ताण पाइप सोसत नाही. तो यील्ड होतो, गाइड वाकवतो किंवा फ्लँज उघडतो. यावर उपाय गाइड काढून टाकणं हा आहे. तिथे फक्त रेस्ट, म्हणजे खालचा टेकू, ठेवा, गाइड पुढच्या बीमवर न्या.

माझी सवय अशी: सॉफ्टवेअर उघडण्याआधी आयसोची प्रिंट घ्यायची. अँकर लाल पेन्सिलने, मग प्रत्येक सरळ पायाची वाढ मिलिमीटरमध्ये लिहून बाण काढायचे. जो बाण गाइडवर किंवा नोझलवर (उपकरणाच्या तोंडावर) आपटतो, तिथेच उद्याचा प्रश्न आहे. १५ मिनिटांचं काम आहे. ते टाळून मॉडेलमध्ये सपोर्ट इकडेतिकडे सरकवत रिपोर्ट पास होईपर्यंत रन मारत बसणं, याला मी ॲनालिसिस म्हणत नाही.

लाइनचं स्पेक मध्येच बदलून स्टेनलेस झालं तर हे बाण पुन्हा काढा. ३०४ त्याच तापमानाला मीटरला ३ मिलिमीटर वाढतं. कार्बन स्टीलसाठी बसवलेला लूप, म्हणजे वाढ झेलायला पाइपलाच दिलेला वळसा, तिथे अपुरा पडतो.

"लूपला जागा नाही, बेलोज टाकू"

बेलोज, म्हणजे वाढ झेलणारा घडीदार जोड, ही वाईट वस्तू नाही, पण घाईत निवडलेला बेलोज फार वाईट. लूपमध्ये पाइपच लवचिक असतो, भिंत पाइपचीच राहते. बेलोजमध्ये पातळ घड्यांचा पत्रा दाब धरतो, आणि दाब त्या घड्या उलगडू पाहतो. हा प्रेशर थ्रस्ट मोजायचा राहून जातो. १० इंची लाइनच्या बेलोजचा सरासरी व्यास ३०० मिलिमीटर धरला, तर १० बार दाबाला हा जोर ७ टनांच्या वर जातो. टाय रॉड (बेलोजची दोन टोकं बांधून ठेवणारे दांडे) नसतील तर तो सगळा अँकरवर किंवा उपकरणाच्या नोझलवर येतो.

याची किंमत काय असते ते इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी दिसलं. नायप्रो कंपनीच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनच्या ऑक्सिडेशनचे सहा रिॲक्टर ओळीने उभे होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा खाली. मार्चच्या शेवटी पाचव्या रिॲक्टरला चीर सापडली. तो काढला आणि चौथा सहाव्याला तात्पुरत्या पाइपने जोडला. रिॲक्टरची तोंडं २८ इंची, पण हाताशी असलेला पाइप २० इंची. दोन्ही टोकांना आधीचेच बेलोज होते. तोंडं वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे पाइपला मध्ये कोनात वळणं द्यावी लागली. ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. खालून मचाणाच्या नळ्यांचा आधार दिला होता. तोही वजनासाठी, आडव्या जोरासाठी नव्हे.

कामाचा दाब ९ बारच्या आतबाहेर होता. २८ इंची बेलोजवर त्याचा थ्रस्ट ३५ टनांच्या आसपास येतो. दोन टोकांचे हे जोर एका रेषेत असते तर एकमेकांना तोलले असते. वळणांमुळे ते वरखाली सरकले आणि पाइप फिरवणारा मोमेंट तयार झाला. तो कोणी काढलाच नव्हता. लाइनची चाचणी झाली, पण सेफ्टी व्हॉल्व्हच्या सेटिंगपेक्षा कमी दाबाला. दोन महिने प्लँट चालला, मग तो पाइप निखळला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. त्यातली १८ कंट्रोल रूममध्ये होती. मोमेंट काढायला एक पान आणि अर्धा तास पुरला असता.

म्हणून बेलोजचा प्रस्ताव आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो. थ्रस्ट किती आणि तो कोण घेणार? हालचाल अक्षाच्या दिशेने आहे की आडवी? टाय रॉड लावलेला एकटा बेलोज आडवी हालचाल घेतो, अक्षाची नाही. हे उलटं समजून टाय रॉड लावले की बेलोज बसवूनही काही उपयोग होत नाही. तिसरं, गाइड. अक्षीय बेलोजला पहिला गाइड पाइपच्या ४ व्यासांच्या आत, दुसरा त्यापुढे १४ व्यासांच्या आत, नाहीतर पाइप बाजूला फुगून बेलोज मुरगळतो. तिन्हींची उत्तरं आकड्यांत नसतील तर आयसो माझ्याकडून पुढे जात नाही. बेलोजसोबत येणारे शिपिंग बार फक्त वाहतुकीसाठी असतात. ते तसेच राहिले तर बेलोज म्हणजे नुसता महागडा पाइप.

स्टँडबाय पंप थंड असतो

दोन पंप, ए आणि बी, आणि एक हेडर (दोघांचा सामाईक पाइप). मॉडेलमध्ये सगळी लाइन २०० अंशांना, दोन्ही शाखा सारख्या वाढतात, नोझल लोड एपीआय ६१० या पंपांच्या स्टँडर्डच्या मर्यादेत. पण प्लँटमध्ये ए चालतो तेव्हा बी बंद असतो, त्याची शाखा थंड. हेडर गरम, एक पाय लांब, दुसरा आखूड: ए च्या नोझलवर येणारा जोर बहुधा या केसमध्ये सगळ्यात जास्त असतो. ए गरम बी थंड, बी गरम ए थंड, दोन्ही गरम, असे तिन्ही रन हवेतच. वॉर्म-अप बायपास (बंद पंप गरम ठेवणारी छोटी लाइन) असेल तर बंद पंपाचं तापमान प्रोसेसवाल्यांना विचारा, अंदाजाने भरू नका.

याच पंपांवर साइटवाले दुसरी चूक करतात. फ्लँज जुळत नाही म्हणून चेन पुली लावून पाइप ओढतात. डिझाइनमध्ये ठरवलेल्या कोल्ड स्प्रिंगचीसुद्धा (थंड पाइप मुद्दाम ताणून बसवण्याची) बी-३१.३ स्ट्रेस रेंजमध्ये सूट देत नाही, मग जबरदस्तीने ओढलेल्या पाइपची तर गोष्टच नको. बोल्ट हाताने आत गेले पाहिजेत. कपलिंगवर डायल लावा आणि फ्लँज घट्ट करताना काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला तर पाइप कापून पुन्हा वेल्ड करा. एक दिवस जाईल, बेअरिंग आणि सील वाचतील.

बाकीच्या चुका, थोडक्यात

शूची लांबी. शू साधारण ३०० मिलिमीटरचा असतो, बीमच्या मध्यावर ठेवला तर दोन्हीकडे १५० मिळतात. हालचाल १०० च्या वर गेली की लांब शू द्या किंवा सुरुवातीलाच उलट्या दिशेला सरकवून बसवा. बीमवरून उतरलेला शू लाइन थंड होताना बीमच्या कडेला अडकतो आणि मग काहीतरी फाटतंच.

हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाण्याने केलेल्या दाबचाचणीचं, वजन. २४ इंची स्टँडर्ड वॉल पाइप मीटरला १४१ किलो, आत पाणी भरलं की आणखी २७४. गॅसच्या लाइनचे सपोर्ट रिकाम्या वजनावर काढून कोणी सुटत नाही.

लिफ्ट-ऑफ. उंच कॉलमच्या १२ मीटरवरच्या नोझलला लावलेली लाइन २०० अंशांना सुमारे २६ मिलिमीटर वर उचलली जाते. रॅकवरचा पहिला रेस्ट हवेत राहतो, त्याचं वजन नोझलवर जातं. तिथे स्प्रिंग हवी, आणि गरम-थंडातला भाराचा फरक २५ टक्क्यांच्या आत हवा. गरम अवस्थेत कोणते सपोर्ट सुटलेत ते धरून सस्टेन्ड ताण पुन्हा तपासा.

घर्षण. स्टीलवर स्टील ०.३. शूवर ४ टन वजन असेल तर बीमला आडवा १.२ टन. हा आकडा सिव्हिलवाल्यांना वेळेत कळवा. पीटीएफई (टेफ्लॉन) पॅडने घर्षणांक ०.१ वर येतो.

स्टब-इन. ६ इंची शेड्यूल ४० ला थेट पाइपमध्ये वेल्ड केलेल्या शाखेचा स्ट्रेस इंटेन्सिफिकेशन फॅक्टर जुन्या सूत्राने ४.५, वेल्डिंग टीचा (तयार तीन तोंडांच्या जोडाचा) २.१. आयसोवर एक आणि मॉडेलमध्ये दुसरं, असं फार वेळा सापडतं.

सुरुवातीचं तापमान. सॉफ्टवेअर २१ अंश धरून बसतं. थंड सेवेची लाइन मे महिन्याच्या उन्हात बसवली जाणार असेल तर आकुंचन त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आणि स्प्रिंगच्या पिना. हायड्रोटेस्टसाठी त्या लॉक असतात, नंतर काढायच्या राहून जातात आणि स्प्रिंग नुसता रेस्ट बनते. लाइन पहिल्यांदा गरम करण्याआधी प्रत्येक स्प्रिंगपाशी जाऊन पीन बाहेर आहे का ते हाताने बघा, कोल्ड लोडचा काटा वाचा, आणि मोठ्या हालचालीच्या शूंवर बीमच्या कडेशी खडूने रेघ ओढा. लाइन तापमानाला आली की रेघ किती सरकली ते पट्टीने मोजून रिपोर्टच्या आकड्याशेजारी लिहा. ८० मिलिमीटर अपेक्षित असताना ३० च सरकली असेल तर लाइन कुठेतरी अडकली आहे. ते ठिकाण सापडेपर्यंत तापमान वाढवू नका.